धुराडं

“तोंड बाजूला धर, पोरी. धूर माशीसाठी आहे, आपल्यासाठी नव्हे.”

सासरे जाऊन सहा वर्षं झाली, तरी धुराडं पेटवताना तिला रोज हे ऐकू यायचं, आणि ती रोज मान वळवायची. धुराडं म्हणजे पत्र्याचा उभा डबा. मागे मुठीएवढा चामड्याचा भाता, पुढे चोच. आत वाळका पाला नि गोणपाटाच्या चिंध्या पेटवायच्या, भाता दोनदा दाबायचा आणि मधपेटीच्या तोंडाशी धूर सोडायचा. माश्या गडबडतात, पोटभर मध पिऊन घेतात, सुस्तावतात. मग झाकण उघडायचं. म्हाताऱ्याने हे सगळं तिला शिकवलं ते कानाला विडी अडकवून. धूर आपल्यासाठी नव्हे म्हणायचा आणि त्याच निखाऱ्यावर विडी शिलगावायचा. शेवटचे आठ महिने तो खाटेवर बसून होता. तेव्हा घरात चाळीस पेट्या होत्या. त्याची प्राणवायूची नळी, त्याची औषधं, दवाखान्याच्या गाडीच्या खेपा, यांत निम्म्या गेल्या. उरल्या वीस.

वीसपैकी आठ घरामागच्या कुंपणाशी होत्या. त्या तिच्याकडे. बारा टेकाडापलीकडे ओढ्याच्या काठाला, त्या नवऱ्याकडे.

यंदा फुलोरा आला आणि तिसऱ्याच दिवशी गरम वारं सुटलं. फुलं झाडावरच करपली. माश्या रिकाम्या पायांनी परत यायला लागल्या. तिने आपल्या आठ पेट्यांपुढे साखरेचं पाणी ठेवलं, दुपारी गोणपाट भिजवून झाकणांवर टाकलं, आणि कशाबशा त्या तगवल्या. ओढ्याकाठी निदान सावली आहे, तिकडच्या बऱ्या असतील, असं तिने धरलं होतं. नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, “आहेत.”

आहेत म्हणजे काय, ते तो सांगत नसे.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्याला नळीत फुंकायला लावलं होतं. नळीत तीन गोळ्या होत्या. नवऱ्याने गाल फुगवले, डोळे वटारले, मानेच्या शिरा तट्ट झाल्या, आणि पहिली गोळी जागच्या जागी हलली. दुसरी, तिसरी बघत बसल्या. डॉक्टरीणबाई त्याच्याशी बोलल्याच नाहीत, तिच्याशी बोलल्या. हे आज थांबलं तर हा माणूस काम करत म्हातारा होईल. नाही थांबलं, तर पुढच्या खेपेला पेटी उचलायची बंद, आणि त्यानंतर खाट.

खाट कुठली, ते तिला माहीत होतं. ती अजून मधल्या खोलीतच होती.

घरी येताच नवऱ्याने उरलेला विड्यांचा कट्टा चुलीत टाकला आणि कुंपणाशी जाऊन पहिल्या पेटीवर हात ठेवला. त्यांच्या घरात यापेक्षा मोठी शपथ नव्हती. तो म्हणाला, “ओठाला विडी लावणार नाही. लावली तर माशी माझ्या हाताला राहायची नाही.” मग तिच्याकडे वळून म्हणाला, “आता तूही शब्द दे. माझ्या खिशात हात घालायचा नाही. पोलीस घरात नको मला.” तिनेही पेटीवर हात ठेवला. खिशात हात घालणार नाही, म्हणाली. माश्या आपल्या ये-जा करत होत्या.

तिने शब्द पाळला. नवऱ्याचा शर्ट धुवायला घेताना ती खिशाला बोटही लावत नसे. फक्त दोरीवर टांगताना खालची कड वर धरून उलटा टांगायची आणि दोन झटके द्यायची. जे पडायचं ते आपसूक पडायचं.

पहिल्या महिन्यात दोरे पडले, एक नाणं पडलं. दुसऱ्या महिन्यापासून लवंगा पडायला लागल्या.

लवंग या माणसाने जन्मात चघळली नव्हती. तिखट लागते म्हणून भातातलीसुद्धा वेचून ताटाच्या कडेला ठेवायचा. तिने लवंगा वेचल्या, धुतल्या आणि गुपचूप परत डब्यात टाकल्या. जिन्नस वाया का घालवा.

आक्काने ते बघितलं. आक्का ही नवऱ्याची थोरली बहीण. स्वतःचा नवरा वारल्यावर माहेरी आली आणि दारातल्या बाकावर बसली, ती बसलीच. तिथून तिला स्वयंपाकघर, अंगण आणि टेकाडाची वाट असं सगळं राज्य दिसायचं.

“पाणी मुरतंय कुठंतरी,” आक्का म्हणाली. “तोंडाला वास येऊ नये म्हणून माणूस लवंग खातो. नाहीतर कुणाच्या तरी तोंडाजवळ जायचं म्हणून खातो. तुझी सवत असेल ओढ्यापलीकडे.”

“असली तर बरं होईल, आक्का. ती तरी त्याला वेळेवर जेवायला घालेल.”

आक्का हसली, पण तिने नजर टेकाडावरून काढली नाही. माझाच भाऊ आहे, म्हणाली, लहानपणी गूळ खाऊन भिंतीला हात पुसायचा आणि आईला हात दाखवायचा.

ते वाक्य तिच्या डोक्यात राहिलं.

पंचाईत अशी की वासावरून काही कळायला वाव नव्हता. तिचं नाक आख्ख्या वस्तीत नावाजलेलं. मधाचं बोट नाकाजवळ नेलं की कुठल्या फुलाचा ते सांगायची. पण धुराड्यापाशी काम करणाऱ्या माणसाच्या अंगाला धुराचा वास येणारच. शर्टाला, केसांना, उशीला, सगळ्याला. पूर्वी त्या धुराखाली विडीचा वास वेगळा कळायचा, ओल्या कपड्याखाली अंग कळावं तसा. आता ती शर्ट तोंडावर दाबून हुंगायची आणि तिला वाटायचं, आहे. पुन्हा हुंगायची, वाटायचं, नाही. आपल्याच नाकावरचा विश्वास उडणं तिला नवऱ्यावरचा उडण्यापेक्षा जास्त लागलं.

खोकला मात्र कमी होत नव्हता. तीन महिन्यांत छाती मोकळी होईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. सकाळी न्हाणीत तो खोकायला लागला की पितळी तांब्या वाजायचा. आक्का बाकावरून म्हणायची, “झाली मोकळी.”

मग एक दिवस अवजारांच्या खोलीत तिला पानतंबाखूची जुडी सापडली. लपवलेली नव्हती, सरळ खुंटीला टांगलेली. नवऱ्याला विचारलं, तर तो चिडलासुद्धा नाही. म्हणाला, “मेणकिडा पडलाय तिकडे, मेण पोखरतोय. जुनी माणसं पेटीच्या तळाला तंबाखू टाकायची, आबाही टाकायचा.” खरंच टाकायचा सासरा, चिमूटभर. पण आठ दिवसांत जुडी निम्मी झाली, आणि पुढच्या आठ दिवसांत खुंटीला नवी, जाडजूड जुडी आली. एवढ्या तंबाखूत मेणकिडाच काय, पेटीही मेली असती.

“विडी ओढता का तुम्ही?” तिने एकदाच विचारलं, जेवताना.

त्याने सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. “ओठाला लावली नाही. पेटीवर हात ठेवून सांगू का पुन्हा?”

डोळ्यांत खोटं नव्हतं. तिला हेच कळेना. वीस वर्षं ती ते डोळे बघत होती. खोटं बोलताना तो नेहमी पाण्याचा तांब्या शोधायचा. आज शोधला नाही.

हंगामाच्या शेवटी मधवाला व्यापारी आला. त्याची पद्धत ठरलेली होती. गाडीतून वजनकाटा काढायच्या आधी तो खिशातून लाकडाची चपटी काडी काढायचा, प्रत्येक डब्यात बुडवायचा, जिभेवर ठेवून डोळे मिटायचा. घरामागच्या मधाचे दोन डबे त्याने चाखले आणि मान हलवली. ओढ्याकडच्या पहिल्या डब्यातली काडी जिभेवर ठेवली आणि डोळे उघडले. पाण्याने चूळ भरली. दुसरा डबा चाखला, पुन्हा चूळ भरली. तिसरा डबा चाखलाच नाही, नुसता हुंगला.

“बाई, तुमच्या घरात विडीकाडी कोण करतं?”

“कुणी नाही.”

“मग मधाला विचारा,” व्यापारी म्हणाला आणि झाकण लावून टाकलं.

नवरा अंगणात होता. तो तावातावाने म्हणाला की यंदा भाव पाडायचा बेत आहे, उगाच खोड काढतोय, धुराचा वास कुठल्या मधाला नसतो. व्यापारी सावकाश काडी पुसत होता. पाल्याचा धूर मला कळतो, म्हणाला, तुमच्या आबाच्या हातचा मध मी पंधरा वर्षं घेतला आहे, तो तर दिवसाला दोन कट्टे ओढायचा, पण पेटीजवळ मान वळवायचा. त्याने दोन डब्यांचे पैसे मोजले, तीन डबे अंगणात तसेच ठेवले आणि गेला. हंगामाच्या कमाईतला मोठा वाटा त्या तीन डब्यांत होता. आक्काने बाकावरून उठून एका डब्यात बोट बुडवलं, चाखलं आणि पदराला पुसलं.

“आबा आल्यासारखं वाटलं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवरा न्याहारी न करताच टेकाडाकडे निघून गेला. डॉक्टरीणबाईंकडे जायला आठच दिवस उरले होते. नळीतली गोळी तिला डोळ्यांसमोर दिसत होती, तळाशी बसलेली. तिने भाजी-पोळी फडक्यात बांधली आणि आक्काला म्हणाली, जेवण देऊन येते.

“दे. आणि ओढ्यापलीकडे कुणी असली तर तिलाही विचार जेवतेस का म्हणून.”

टेकाड चढताना तिचं मन दोन्ही बाजूंनी भांडत होतं. खिशात हात घालणार नाही एवढंच आपण म्हटलं होतं, मागोमाग जाणार नाही असं कुठे म्हटलं होतं. मग तिची तिलाच शरम वाटली. मग पुन्हा वाटलं, शरमेने खाट टळते का. पायाखालचं गवत वाळून कुरकुरत होतं. ती वाट सोडून ओढ्याच्या वाळूतून चालली, आवाज होऊ नये म्हणून.

पेट्या दिसल्या. बारा. एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं.

नवरा सावलीत दगडावर बसला होता. गुडघ्यांत त्याचं धुराडं धरलेलं. डोक्यावरून जाड पंचा घेतला होता, तो पार गुडघ्यांपर्यंत, चेहरा, धुराडं सगळं आत. पंच्याखाली एक हात हलत होता. भाता दाबायचा, थांबायचा, दाबायचा, थांबायचा. पंच्याच्या कडांतून निळसर धूर सावकाश बाहेर येत होता.

सर्दी झाली की माणूस गरम पाण्याच्या भांड्यावर असाच वाफारा घेतो. शेवटच्या महिन्यांत सासरे असेच बसायचे, पंचा घेऊन. त्यांच्यासाठी पाणी तीच तापवायची. क्षणभर तिला खरंच वाटलं, सर्दी झाली असेल. मग वारं तिच्याकडे फिरलं, आणि तिच्या नाकाला चार महिन्यांत पहिल्यांदा शंका उरली नाही.

ती वाळूतच उभी राहिली. पंच्याच्या आत खोकला सुरू झाला. पंचा हिसके खात होता, भाता मात्र थांबत नव्हता. शेवटी त्याने पंचा मागे टाकला. डोळे लाल झाले होते, गालांवर पाणी होतं. ती दिसली.

त्याने पंच्याने गाल पुसले.

“ओठाला लावली नाही,” तो म्हणाला.

“दिसलं.”

“शब्द मोडला नाही मी.”

“नाही मोडला. वाकवला.”

त्याने धुराडं खाली ठेवलं. चोचीतून अजून धूर येत होता, तो त्याने अंगठा लावून दाबला, आणि चटका बसला तरी अंगठा काढला नाही. म्हणाला की पहिले पंधरा दिवस खरंच काही नव्हतं. मग एकदा मेणकिड्यासाठी म्हणून धुराड्यात चिमूटभर तंबाखू टाकली, आणि पेटीत धूर सोडताना मान वळवायला विसरला. विसरला म्हणजे, वळवली नाही. दुसऱ्या दिवशी चिमूट मोठी झाली. पंचा नंतर आला. विडीला जेवढे पैसे जायचे त्याच्या दुप्पट आता जुडीला जात होते, कारण निम्मा धूर वाऱ्यावरच जायचा.

“आणि तू?” तो म्हणाला. “शर्ट उलटा टांगतेस ते काय मला माहीत नाही? एकदा मुद्दाम पाच लवंगा मोजून ठेवल्या होत्या खिशात. संध्याकाळी डब्यात पाच लवंगा वाढल्या.”

“हात नाही घातला मी.”

“नाही घातला. झटकलास.”

तिला हसू आलं असतं. आलं नाही, कारण तेव्हाच तिला ध्यानात आलं की ओढ्याकाठी फार शांत आहे. ही वेळ माशीच्या कामाची. एवढ्या पेट्या म्हटल्यावर कानात गुणगुण भरायला हवी होती. ती पहिल्या पेटीकडे गेली. तोंडाशी थोड्या माश्या होत्या. दुसऱ्या पेटीलाही होत्या. तिसऱ्या पेटीच्या तोंडाशी मेलेल्या माश्यांचा थर होता, भुसा सांडावा तसा. तिने झाकण उचललं. चौकटी होत्या, मेण होतं, कोपऱ्यात थोडा मध होता. माशी एकही नव्हती. चौथीतही नाही. तिने एकेक झाकण उचललं. पाच पेट्या रिकाम्या निघाल्या.

ती मागे वळली, तेव्हा नवरा पाण्याची बाटली शोधत होता.

“कधी गेल्या?”

“दोन गेल्या महिन्यात. बाकीच्या एकेक करत. परवा शेवटची.” तो थांबला. “मी ओठाला लावली नव्हती, तरी गेल्या. रोज येऊन बघायचो. वाटायचं, आज तरी कुणी परत आली असेल. नाही दिसली की पुन्हा धुराडं पेटवायचो.”

पेटीवर हात ठेवून काय म्हटलं होतं ते दोघांनाही आठवत होतं. माशी माझ्या हाताला राहायची नाही. ओठाचा मुद्दा माणसांनी धरला होता, माश्यांनी धरला नव्हता. तिने रिकाम्या पेटीवर हात ठेवला, मनात काही म्हणाली आणि झाकण नीट बसवलं.

मग दोघांनी मिळून पाच पेट्यांमधल्या चौकटी काढल्या, मेलेल्या माश्या खड्ड्यात पुरल्या आणि पेट्या उन्हात उलट्या घातल्या. दुपार त्यातच गेली. भाजी-पोळीचं फडकं कुणी सोडलं नाही. परत येताना एक पेटी दुरुस्तीला म्हणून त्याने खांद्यावर घेतली आणि टेकाडाच्या पहिल्याच चढाला खाली ठेवली. गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहिला. छातीत शिट्टी वाजत होती. तिने पेटी उचलून आपल्या डोक्यावर घेतली. तो नाही म्हणाला नाही, हे तिला सगळ्यांत वाईट वाटलं.

आक्काने डोक्यावरची पेटी बघितली, दोघांचे चेहरे बघितले आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. फक्त बाकावर सरकून भावाला जागा करून दिली.

तो बसला नाही. कुंपणाशी गेला. ती हात धूत होती, तेव्हा त्याने तिला हाक मारली. पहिल्या पेटीवर त्याचा हात होता.

“सांग,” तो म्हणाला, “या वेळी कसं बोलू? तू शब्द दे, मी म्हणतो.”

ती विचार करू लागली. ओठाला नाही. नाकाला नाही. तंबाखूला शिवणार नाही. विकत आणणार नाही. दुसऱ्याच्या धुराजवळ बसणार नाही. प्रत्येक शब्दाला तिला कुठेतरी फट दिसत होती, आणि त्या फटीतून पंचा घेतलेला माणूस दिसत होता. तिचंही तसंच. खिशाला हात लावणार नाही, शर्ट झटकणार नाही, मागे जाणार नाही, हुंगणार नाही. सांगायला बसलं तर दिवस पुरला नसता.

“काही म्हणू नका,” ती म्हणाली. “हात काढा. त्यांना काम करू द्या.”

त्याने हात काढला.

सकाळी ती उठून अंगणात आली, तर तो घरात नव्हता. आक्का बाकावर बसली होती, तिने हनुवटीने टेकाडाकडे खूण केली. तिची पहिली नजर दाराजवळच्या खुंटीकडे गेली. काल टांगलेलं त्याचं धुराडं नव्हतं. ती धावतच अवजारांच्या खोलीत गेली. तंबाखूची जुडी नव्हती. मातीच्या जमिनीवर झाडूच्या ताज्या रेघा होत्या. ती मागच्या दारी आली. तिथे, तिच्या आठ पेट्यांपाशी, दगडावर ते धुराडं होतं. राखेने घासून चकचकीत केलेलं, चोच मोकळी, आत तिच्या कामापुरता वाळका पाला भरून ठेवलेला. तिने ते उचलून हुंगलं. पाला होता. पुन्हा हुंगलं. पालाच होता. जुडीचं काय झालं, ते तिला ना चुलीत दिसलं, ना कचऱ्याच्या खड्ड्यात. विचारावं का, असं मनात घेऊन ती अंगणात परतली.

“पाण्याची घागर घेऊन गेला,” आक्का म्हणाली. “आणि झाडाची एक डहाळी. म्हणाला, पाणी शिंपडूनही माशी बसते म्हणे. चावल्या तर चावल्या म्हणाला.”

धुराशिवाय पेट्या उघडायच्या. सात पेट्या, उघड्या हातांनी. कोपरापर्यंत सुजून येईल.

टेकाडावर तो दिसत होता. खांद्यावर घागर, हातात डहाळी. चढाच्या मध्यावर तो थांबला. घागर खाली ठेवली, गुडघ्यांवर हात टेकले, वाकून उभा राहिला. इथून खोकला ऐकू येत नव्हता, पाठ हलताना दिसत होती. ती बघत राहिली. आक्काही बघत राहिली. मग त्याने घागर पुन्हा खांद्यावर घेतली आणि चालू लागला.

दोरीवर कालचा शर्ट उलटा टांगलेला होता. काल रात्री धुतला तेव्हा तिने झटकला नव्हता, ते राहूनच गेलं होतं. खिशाच्या तोंडाची गुंडी लावलेली होती आणि आत काहीतरी होतं, ओल्या कापडाला त्याचा भार दिसत होता. लवंग असेल. दुसरं काही असेल.

तिने शर्ट दोरीवरून काढला, सुलट केला, खांद्यांपाशी दोन चिमटे लावून नीट टांगला आणि धुराडं पेटवायला मागच्या दारी गेली. काडी ओढताना तिने मान वळवली.